भांडणाचा खेळ

गडचिरोली जिल्ह्यात वडसा नावाचं गाव आहे. सरकारी कागदावर त्याला देसाईगंज म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला धानाचा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची कार्यालयं या वडशात आहेत. दिवाळीत धान हाती आलं की गावोगाव मंडई भरते. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात आणि रात्री नाटक होतं. दहाच्या पुढं पडदा उघडतो, तो पहाटेपर्यंत. गावची मंडळं आधीच वडशाला येऊन नाटक ठरवतात आणि इसार देऊन जातात.

तिथं एक कंपनी होती. मालक मेहनती होता. कंपनीत एक म्हातारा नट होता, एक नटी होती, एक लेखक, एक ऑर्गन वाजवणारा, एक प्रॉम्प्टर आणि सामान उचलणारा एक पोरगा. पोरग्याला नट व्हायचं होतं.

म्हातारा बापाचं काम करायचा. तिसऱ्या अंकात लेकीच्या सासरहून माणूस येतो आणि लेक गेल्याचा निरोप सांगतो. बाप काही बोलत नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढतो आणि त्याची घडी घालायला घेतो. टोकं जुळत नाहीत. तो दुपट्टा उलगडतो, पुन्हा घडी घालतो. पुन्हा टोकं जुळत नाहीत. एवढंच. शेवटच्या रांगेतल्या बायकासुद्धा पदर डोळ्यांना लावायच्या.

पोरगा म्हणाला, "मास्तर, हे मला शिकवा जी."

म्हाताऱ्यानं दुपट्टा त्याच्या हातात दिला. पोरग्यानं घडी घातली. म्हातारा म्हणाला, "तू लोकांना घडी दाखवून राहिला. दाखवू नको. नुसती घाल."

पोरगा हंगामभर घड्या घालत राहिला. जमलं नाही. म्हातारा म्हणाला, "मला सात हंगाम लागले."

एका गावात मध्यंतर झालं होतं. पडद्यामागं नटी आणि विनोदी नट यांचं नाईटच्या पैशावरून वाजलं. तिनं त्याची आई काढली, त्यानं तिचा नवरा काढला. पडदा ओढणाऱ्याला वाटलं, अंक सुरू झाला. त्यानं पडदा उघडला. दोघं भांडतच होते. अख्खा मंडप उठून उभा राहिला. अशा शिट्ट्या त्या कंपनीच्या नाटकाला कधी पडल्या नव्हत्या. मालक विंगेत उभा राहून ते बघत होता.

हंगाम संपला. मालक घरी टीव्ही बघत बसायचा. टीव्हीवर एक घर होतं. त्यात माणसं कोंडलेली होती. ती भांडायची, रडायची, आणि लोकांच्या मतांवर एकेक जण बाहेर जायचा. ही युक्ती 1999 साली नेदरलँड्समध्ये निघाली, 2006 मध्ये हिंदीत आली आणि 2018 मध्ये 'बिग बॉस' या नावानंच मराठीत आली. मालकानं वही काढली. लेखकाचे पैसे वाचतात. तालमीचे वाचतात. ऑर्गनही लागत नाही. त्याला रात्रभर झोप लागली नाही.

पुढच्या दिवाळीत त्याचा नवा खेळ आला. स्टेजवर एक घर उभं केलं. आत आठ माणसं. त्यांनी आपसात भांडायचं, आणि लोकांनी चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याला कमी चिठ्ठ्या, तो बाहेर.

म्हातारा पहिल्या रात्री आत गेला आणि एका कोपऱ्यात बसला. कोणी अंगावर आलं की त्याला जागा करून द्यायचा. त्याला एकही चिठ्ठी पडली नाही. दुसऱ्या रात्री नटीनं एक पद म्हटलं. तिला सहा चिठ्ठ्या पडल्या. लेखकाला तर आत घेतलंच नव्हतं. म्हाताऱ्यानं मेकअपची पेटी उचलली आणि तो गावी गेला.

पोरगा मात्र गाजला. तो सगळ्यांत मोठ्यानं ओरडायचा. आठवडी बाजारात लोक त्याला ओळखायला लागले, त्याच्यासोबत फोटो काढायला लागले. म्हाताऱ्यानं इतक्या वर्षांत जेवढी नाईट घेतली नव्हती, तेवढी त्याला एका हंगामात मिळाली. मंडळांची रांग लागली. लोकांचा यात काही दोष नव्हता. शेजारी भांडण लागलं तर कोण दारात येऊन बघत नाही? दार बंद करून घेणारी माणसं मी फार थोडी पाहिली आहेत.

पण एक अडचण होती. टीव्हीवर चोवीस तासांतून तासाभराचं भांडण वेचून काढतात. बाकीचं कापून टाकतात. मंडपात कात्री चालत नाही. माणसं थकायची, गप्प बसायची, जांभया द्यायची. मग मालक विंगेतून खुणा करायचा, "मार, मार!" पहिल्या हंगामात शिव्या पुरल्या. दुसऱ्या हंगामात थपडा लागल्या.

मग मालक पोरग्याला म्हणाला, "तुझा बाप मेला ना? ते सांग स्टेजवर."

पोरग्यानं सांगितलं. सांगताना त्याला रडू कोसळलं. खरंच कोसळलं. मंडप सुन्न झाला, चिठ्ठ्यांचा पाऊस पडला. दुसऱ्या गावात त्यानं पुन्हा सांगितलं, पुन्हा रडला. चौथ्या गावात डोळे कोरडे राहिले. मालकानं त्याच्या डोळ्यात ग्लिसरीन घातलं. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "खोटं रडून राहिला गा हा." लोक हसले. पोरगा खऱ्या बापाचं खरं मरण सांगत होता आणि लोक हसत होते.

पुढच्या महिन्यात मालकानं त्याच्याहून मोठ्या आवाजाचा दुसरा पोरगा आणला.

पहिला पोरगा म्हाताऱ्याकडे गेला. म्हातारा अंगणात धान वाळवत होता.

"मास्तर, रोज रोज खरं रडू येत नाही जी."

"नाही येत," म्हातारा म्हणाला. "म्हणून तर अभिनय शिकतात."

तिकडं वडशात बाकीच्या कंपन्यांनीही घरं उभी केली. भांडायला कोणीही चालतं. त्यामुळं भाव पडला. एका गावाला पाच कंपन्यांचे लोक इसार मागायला जाऊ लागले. तेव्हा एका मंडळाची माणसं मालकाकडे आली. म्हणाली, "गावातल्या बाया म्हणतात, तो बाप दाखवा. दुपट्ट्याचा."

मालक खूश झाला. मोटारसायकल काढून तो जुन्या माणसांना शोधायला निघाला. लेखक तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहीत होता. ऑर्गनवाला नागपुरात लग्नाच्या बँडमध्ये होता. नटी विडी वळत होती. प्रॉम्प्टरनं झेरॉक्सचं दुकान टाकलं होतं. कोणी यायला तयार झालं नाही. आले फक्त म्हातारा आणि त्याच्यामागून पोरगा.

"चालेल," मालक म्हणाला. "बाप तर तुम्हीच आहात. बाकीची माणसं घरातली घेऊ. तुम्हाला दुप्पट नाईट देतो."

"आणि तालीम?"

"दोन दिवस."

मंडई भरली. तिसरा अंक आला. निरोप सांगायला आलेला नट घरातला होता. तो ओरडतच आत आला. निरोप त्यानं असा सांगितला, जसं कोणाला बाहेर काढतोय. मग शिट्टीची वाट बघत लोकांकडं तोंड करून उभा राहिला. म्हाताऱ्यानं दुपट्टा काढला. पण लोक निरोप्याकडं बघत होते. आता थप्पड बसेल, असं त्यांना वाटलं. टोकं जुळली नाहीत, ते कोणाला दिसलंच नाही. मागच्या रांगेतले लोक चहाच्या टपरीकडं निघाले.

पहाटे मालक म्हाताऱ्याजवळ येऊन बसला. त्याचा चेहरा उतरला होता.

"मास्तर, तुम्ही तर तसंच केलं. मग असं काऊन झालं?"

"मी एकटा बाप होऊ शकत नाही, मालक. निरोप आणणाऱ्याला कुठं थांबायचं ते कळलं, तर माझ्या गप्प बसण्याला अर्थ. तो थांबतो म्हणून मी बाप होतो. त्याच्यासाठी लेखकानं दोन वाक्यं लिहिली होती, ती लिहायला त्याला महिना लागला होता. ऑर्गनवाला त्या जागी हात उचलून धरायचा. ते सगळे तुम्ही घरी पाठवले. भांडायला माणसं रोज मिळतात, मालक. नट घडवावा लागतो, आणि ज्या वर्षी तो घडवला नाही, ते वर्ष पैसे देऊन परत मिळत नाही."

मालक बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "भांडणाचा खेळ बंद करतो."

"बंद करा असं मी कुठं म्हटलं? लोकांना बघायचं तर बघू द्या. पण त्याच्या गल्ल्यातून आधी तालमीचे पैसे बाजूला काढा. उरेल त्यात घर बांधा."

पावसाळा लागला. रोवणीच्या दिवसांत वडशात कंपन्यांची कुलपं लागलेली असतात. या एका कंपनीचं दार उघडं होतं. मालक तहसील कचेरीसमोर जाऊन लेखकाजवळ उभा राहिला. लेखकानं मागचे थकलेले पैसे मागितले आणि नव्या नाटकाचे आगाऊ. मालकानं दोन्ही दिले. लेखकानं हातातला अर्ज पुरा केला, मगच उठला.

नटीला निरोप गेला. ती म्हणाली, विचार करते. ऑर्गनवाला आलाच नाही.

तालमीला पोरगा सगळ्यांत आधी यायचा. त्याला वाटलं होतं, आता बापाचं काम मिळेल. म्हाताऱ्यानं त्याच्या हातात एक चिठोरा दिला. त्यावर दोन वाक्यं होती.

"निरोप्याचं काम तुझं," म्हातारा म्हणाला.

"एवढंच?"

"एवढंच. दाराबाहेर जा आणि आत ये. बोलून झालं की थांब. माझ्याकडं बघू नको, लोकांकडं तर नकोच नको."

पोरगा बाहेर गेला, आत आला, बोलला, थांबला.

"पुन्हा," म्हातारा म्हणाला.