खांबावरचा दिवा आणि घरावरचे आकाश

काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांनी जे काही पाहता येते, त्यात देवयानी तारकासमूहातील दीर्घिका ही अतिदूरच्या वस्तूंपैकी एक होय. धुक्याचा एक लहानसा, लांबट ठिपका, एवढेच तिचे रूप. त्या ठिपक्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाला. एवढा प्रवास करून तो आपल्या दारी पोहोचतो आणि फाटकासमोरच्या खांबावरील दिवा त्याला हरवून टाकतो. तो प्रकाश येतो, आपल्या डोळ्यांतही शिरतो. परंतु दिपलेला डोळा त्याला ओळखत नाही.

हा विषय विज्ञानाच्या पुस्तकातला, आपल्या मासिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. मला मात्र तो प्रथमतः शेजारधर्माचा विषय वाटतो.

शहरातून तारे न दिसण्याची कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी ओळखणे अगत्याचे आहे. पहिले कारण असे की, अवघ्या शहराचा उजेड हवेत आणि हवेतील धुळीवर विखरून आकाशच उजळून टाकतो. अमावास्येलाही क्षितिजावर जो करडा पडदा दिसतो तो हाच. त्यापुढे एकट्यादुकट्याचे काही चालत नाही. दुसरे कारण अगदी जवळचे आहे, ते म्हणजे एखाद्याच दिव्याचा थेट डोळ्यांवर येणारा झोत. अंधारात डोळ्याची बाहुली काही क्षणांत मोठी होते हे खरे. परंतु मंद प्रकाश टिपणाऱ्या दंडपेशी पूर्ण जाग्या व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. त्यांच्यातील रोडॉप्सिन नावाचे द्रव्य अंधारातच भरून निघते आणि प्रखर उजेड पडताच विरते. म्हणून अर्धा तास गच्चीवर धीराने उभ्या राहिलेल्या माणसाची बरीचशी कमाई खांबाकडे एकदा नजर जाताच बुडते.

या दुसऱ्या कारणावर घरच्या घरी उपाय आहेत आणि त्यांना पैसे पडत नाहीत. दिवा विझवण्याची गरज नाही, तो नजरेआड झाला की पुरे. पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या सावलीत उभे राहावे. कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर जाड चादर टाकली की समोरचा खांब झाकला जातो. पूर्वीचे छायाचित्रकार कॅमेऱ्यामागे डोक्यावर काळे कापड घेत. तसे कापड दुर्बिणीतून पाहताना घ्यावे. शेजारी हसतील, हसू द्यावे. आपल्या स्वतःच्या घरातील दिवे आधी मालवावेत, हेही सांगावे लागते! नकाशा पाहायचा असेल तर विजेरीच्या काचेवर लाल जिलेटीनचा कागद लावावा, कारण दंडपेशींना लाल रंगाची जाणीव फारच थोडी असते. क्षितिजाकडे न पाहता डोक्यावरचे आकाश पाहावे. तिकडून येणारा प्रकाश हवेचा कमी थर ओलांडून येतो. मंद ताऱ्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहिले तर तो अधिक स्पष्ट दिसतो. चंद्र, गुरू, शनी यांना रस्त्यावरच्या दिव्याचा फारसा अडथळा होत नाही. व्याध, रोहिणी, चित्रा, स्वाती हेही भर शहरातून दिसतात. कृत्तिकांच्या पुंजक्यात एरवी तीन-चार तारे मोजणाऱ्याला या खटपटीनंतर पाच दिसले तरी संध्याकाळ सार्थकी लागली असे समजावे.

इथवर कोणाचे काही बिघडत नाही. पेच पुढे येतो. दिवा उंचावर आहे, चादर पुरत नाही आणि तो पहाटेपर्यंत जळतो. अशा वेळी माणसाच्या मनात एक मोह उत्पन्न होतो. तारतंत्र्याला चहापाण्याचे देऊन जोडणी सैल करून घ्यावी. एखाद्या पोराकरवी दगड मारून घ्यावा. काही दिव्यांवर उजेड ओळखणारा संवेदक असतो; त्यावर विजेरीचा झोत धरून ‘उजाडले’ असे त्याला भासवण्याची युक्तीही काही जण करतात. हेतू तर उदात्त आहे! मद्यपान नव्हे, जुगार नव्हे, सृष्टिकर्त्याची करणी डोळे भरून पाहण्याची इच्छा आहे. मग त्यात वावगे ते काय?

वावगे हे की, तो दिवा एकट्याचा नाही. आपल्या समाजात रात्रपाळीहून परतणाऱ्या परिचारिका किती घरांत आहेत, हे मी सांगायला नको. शेवटच्या गाडीने उतरून ती भगिनी गल्लीत शिरते, तेव्हा फुटलेली गटाराची फरशी कोठे आहे आणि आडोशाला कोणी उभे आहे काय, हे तिला त्या दिव्यामुळे कळते. गच्चीवरील मनुष्याने तिला विचारले नाही. तिच्या वाटचा उजेड त्याने परस्पर काढून घेतला आणि त्याला आकाशदर्शन हे नाव दिले. चांगल्या वस्तूची ओढ लागलेली असताना माणूस शेजाऱ्याचे देणे विसरतो. वाईटाच्या ओढीपेक्षा ही ओढ ओळखणे अधिक कठीण असते. तिच्या पावलांची सुरक्षितता आणि त्याच्या कृत्तिका यांत निवड करण्याची वेळ खरोखरच आली, तर कृत्तिकांनी थांबावे. त्या थांबू शकतात.

परंतु अशी वेळ खरोखरच आलेली असते काय? मला हाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. रस्त्यावरचा दिवा रस्त्यासाठी असतो. त्याने खांबाखालची जमीन उजळावी, एवढेच त्याचे काम. प्रत्यक्षात अनेक दिवे तिरके बसवलेले असतात, काही नुसते उघडे गोळे असतात. त्यांचा बराचसा उजेड समोरच्या माडीवरील शयनगृहात, झाडांच्या शेंड्यांत आणि आकाशात जातो. याचा त्रास फक्त ताऱ्यांच्या वेड्याला होतो असे नव्हे. त्या परिचारिकेच्या डोळ्यांवर तो झोत आला की तिचीही बाहुली आकसते आणि दिव्यापलीकडची सावली तिला अधिकच काळी दिसते. आडोशाला उभा राहणारा नेमका तेथेच उभा राहतो! त्याच दिव्याला वरून व बाजूंनी झाकणारी टोपी बसवली, तोंड जमिनीकडे केले, तर तिला वाट दिसते, माडीवरचे तान्हे मूल झोपते आणि गच्चीवर काळोख उरतो. तिघांचे हित एका पत्र्याच्या तुकड्यात सामावलेले असावे, ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

येथे पांढऱ्या एलईडी दिव्यांविषयी दोन शब्द लिहिले पाहिजेत. २०१५ साली केंद्र सरकारने रस्त्यांवरील जुने दिवे बदलण्याची राष्ट्रीय योजना सुरू केली आणि त्यानंतर देशभर पिवळ्या सोडियम दिव्यांची जागा या दिव्यांनी घेतली. विजेची बचत झाली हे निर्विवाद. पण पांढऱ्याशुभ्र दिव्यात निळ्या रंगाचा वाटा मोठा असतो आणि निळा प्रकाश हवेत अधिक विखुरतो. दिवसाचे आकाश निळे दिसते ते याच कारणाने. दोष दिव्याच्या जातीचा नाही. किंबहुना एलईडीचा झोत हवा तेथेच वळवणे जुन्या दिव्यांपेक्षा सोपे आहे, आणि उबदार पिवळसर छटेचे एलईडी मिळतातही. ते मागणारा कोणी नसतो, एवढेच.

कोणी असेही म्हणेल की, ही पोटभरल्या माणसाची तक्रार आहे. ज्या देशात कित्येक वस्त्यांच्या वाटेवर आजही धड दिवा नाही, तेथे काळोखाची मागणी करणे शोभते काय? या आक्षेपात तथ्य आहे. ज्या वाडीत दिवा नाही तेथे पहिला दिवा लागणे हे माझ्या गल्लीतील दिव्याला टोपी बसण्यापेक्षा अधिक निकडीचे आहे, यात मला शंका नाही. तथापि आकाशात वाया जाणाऱ्या उजेडाचे बिल सर्वांच्याच करातून जाते, त्या वाडीच्याही. शिवाय आणखी एक बाब आहे. धनिकाला काळोख विकत घेता येतो. लडाखमधील हानले येथे समुद्रसपाटीपासून सुमारे ४,५०० मीटर उंचीवर भारतीय खगोलीय वेधशाळा आहे. तिच्या भोवतीचा परिसर २०२२ च्या डिसेंबरात काळोख्या आकाशाचे संरक्षित क्षेत्र म्हणून अधिसूचित झाला. आपल्या महाराष्ट्रात नागपूरजवळील पेंच व्याघ्रप्रकल्पाला २०२४ च्या जानेवारीत असाच दर्जा मिळाला आणि त्यासाठी आसपासच्या गावांतील शंभराहून अधिक दिव्यांची तोंडे जमिनीकडे वळवण्यात आली. दोन्ही कामे स्तुत्य आहेत. परंतु तेथे जायला रजा लागते, गाडीभाडे लागते. गिरणी बंद पडलेल्या कामगाराला, दिवसभर धुणीभांडी करणाऱ्या बाईला जे काही आकाश मिळायचे ते दाराबाहेर पाऊल टाकल्यावर, डोक्यावरच मिळायचे. विनामूल्य मिळणारे भव्य असे दुसरे काय त्यांच्यापाशी आहे? म्हणून घरून दिसणारे आकाश ही चैनीची वस्तू आहे, हे मला मान्य नाही.

मोठ्या संस्थांना स्थलांतर करता येते, हेही येथे आठवते. व्हॅटिकनची वेधशाळा रोम शहराच्या वाढत्या उजेडामुळे १९३० च्या दशकात कास्तेल गांदोल्फो येथे न्यावी लागली. कालांतराने रोमचा उजेड तेथवरही पोहोचला. तेव्हा १९८१ मध्ये तेथील येशूसंघीय खगोलशास्त्रज्ञांनी अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील ट्यूसॉन येथे संशोधनाचे ठाणे केले आणि १९९३ मध्ये माउंट ग्रॅहमवर दुर्बीण उभारली. हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनेही बेगमपेठ सोडून शहराबाहेर रंगापूरची वाट धरली. दादरच्या चाळीत, इंदूरच्या गल्लीत किंवा बडोद्याच्या पोळात राहणाऱ्या वाचकाने कोठे जावे?

आणि जे हरवते ते हळूहळू हरवते. म्हणून कोणी तक्रार करीत नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक नकाशाने दाखवून दिले की, मानवजातीपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या घरून आकाशगंगा दिसत नाही. २०२३ च्या एका अभ्यासात हजारो सामान्य निरीक्षकांच्या नोंदींवरून असा हिशेब निघाला की, आकाशाचा उजळपणा दरवर्षी सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत होता. या वेगाने, मूल जन्मले तेव्हा जेथून २५० तारे दिसत होते, तेथून ते अठरा वर्षांचे होईतो सुमारे १०० उरतील. त्या मुलाला काही गमावल्याचे कळणारही नाही. १७ जानेवारी १९९४ रोजी पहाटे लॉस अँजेलिसला भूकंप झाला आणि वीज गेली. घाबरून रस्त्यावर आलेल्या काही लोकांनी ग्रिफिथ वेधशाळेला दूरध्वनी करून विचारले की, भूकंपाने आकाशाला हे काय विचित्र झाले आहे? ते तारे होते. आपल्याकडे भारनियमनाने गांजलेल्या खेड्यांत या प्रश्नाची पाळी आली नसती. पण खेड्यांतही आता चौकाचौकांत उंच दीपस्तंभ उभे राहत आहेत.

आपण ख्रिस्ती लोक प्रकाश हा शब्द चांगल्या अर्थाने आणि अंधार हा वाईट अर्थाने वापरण्यास इतके सरावलो आहोत की, काळोखाची बाजू घेणे आपल्याला चमत्कारिक वाटते. परंतु उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात अंधार नष्ट केला जात नाही. त्याला वेगळे करून रात्र हे नाव दिले जाते आणि तिच्यासाठी तारे नेमले जातात. दिवठणीवरील दिव्याच्या दृष्टान्तातही तो दिवा घरातल्या माणसांसाठी आहे, शेजाऱ्याच्या उशाशी झोत टाकण्यासाठी नव्हे. आणि पूर्वेकडून आलेले ते मागी लोक कोण होते? रात्री आकाश पाहत बसणारेच ना? त्यांच्या ताऱ्याच्या स्मरणार्थ आपण नाताळात दारोदारी चांदण्या टांगतो. त्या मला प्रिय आहेत. त्या मध्यरात्रीच्या उपासनेनंतर मालवल्या तर त्यांचे काहीच उणे होत नाही. मंदिराच्या कळसावरील क्रूसावर खालून सोडलेले प्रखर झोत मात्र वर्षभर, रात्रभर चालू ठेवण्याचे प्रयोजन मला उमगत नाही. ते निम्मे क्रूसावर पडतात, निम्मे आकाशात जातात. पंचमंडळाने किंवा धर्मग्रामाच्या समितीने या प्रश्नाकडे एकदा पाहावे.

कायद्याची मदत आपल्याकडे अल्प आहे. झेक प्रजासत्ताकाने २००२ मध्ये, स्लोव्हेनियाने २००७ मध्ये याविषयी तरतूद केली. इंग्लंडमध्ये २००५ च्या कायद्याने शेजाऱ्याला त्रास देणारा दिवा हा उपद्रव ठरवला. आपल्याकडे ध्वनीसाठी २००० सालचे नियम आहेत, आणि ते तरी कितपत पाळले जातात हे वाचक जाणतात. तेव्हा विनंतीचाच मार्ग उरतो.

ती करायची असेल तर खांबावर रंगवलेला क्रमांक टिपून घ्यावा आणि नगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयातील विद्युत विभागाकडे लेखी अर्ज द्यावा. अर्जात ‘दिवा काढा’ असे लिहू नये. ‘दिव्यावर आच्छादन बसवावे व तोंड रस्त्याकडे करावे’ असे लिहावे. अर्जावर समोरच्या घरातील माणसांच्या सह्या घ्याव्यात, विशेषतः ज्या घरात रात्रपाळी करणारे कोणी आहे त्यांच्या. त्यांना दिवा आहे तसाच हवा असेल, तर त्यांचे म्हणणे त्याच अर्जात त्यांच्या शब्दांत लिहावे. गृहनिर्माण संस्थेच्या आवारातील दिवा असेल तर काम आणखी सोपे आहे, पत्र्याची टोपी कोणीही लोहार करून देतो. उत्तर येईपर्यंत चादर आहेच.