सावकाश

धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या आवारात पहाटे चालायला येणाऱ्यांची वर्दळ असते. तिथल्याच चढावर मी बरीच वर्षं धावलो. मग एका अपघातात कमरेचा पहिला मणका चुरला. शस्त्रक्रिया झाली, पाठीत स्क्रू आणि सळ्या आल्या. चौदा महिन्यांनी पुन्हा तिथंच धावलो : एक मिनिट धावणं, तीन मिनिटं चालणं, असं पाच वेळा. पाहणारे म्हणाले, ‘जिद्द असावी तर अशी!’ त्यांचं प्रेम मला कळतं, पण ते कौतुक माझं नव्हे.

माझा मणका चुरला, पण मज्जारज्जू वाचला. हाडाचा तुकडा मागं सरकून काही मिलिमीटर अलीकडे थांबला. हाड जुळतं, चिरडलेला मज्जारज्जू पूर्ववत करण्याचा उपाय मात्र वैद्यकाला अजून सापडलेला नाही. त्या मिलिमीटरांत माझं कर्तृत्व काय? माझ्याच वॉर्डात, माझ्याइतकीच चिकाटी असलेली माणसं पुढं चाकाच्या खुर्चीत बसून घरी गेली. मी धावलो ते जिद्दीमुळं, असं म्हटलं की ती माणसं कमी पडली, असा अर्थ आपोआप निघतो. हा अन्याय आहे.

नशिबानं दार उघडलं, तरी पुढची वाट शरीर स्वतःच्या गतीनंच चालतं. हाड त्याच्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणं घडतं, हे जर्मन शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी 1892 मध्ये मांडलं. अंथरुणाला खिळलं की ते विरळ होतं, एकदम भार टाकला की दगा देतं. धावताना पावलागणिक वजनाच्या दोन ते तीन पट भार पडतो, म्हणून तो हप्त्याहप्त्यानंच वाढवावा लागतो. मणक्यांमधल्या चकत्यांना तर रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच. त्यांचं पोषण झिरपून होतं. माझ्या फिजिओथेरपिस्ट बाई दर वेळी एकच सांगायच्या, “सावकाश माड्री.” सावकाश करा. धारवाडी कन्नडनं आपला मानलेला हा शब्द आपलाही आहे, म्हणून मी तो कधी नीट ऐकलाच नव्हता. सावकाश म्हणजे अवकाशासह.

तो अवकाश मला मिळाला. भरपगारी रजा होती, घरात उचलून बसवणारी माणसं होती, आठवड्यातून दोनदा व्यायामाचे पैसे देण्याची ऐपत होती. आपल्याकडे पाठीच्या कण्याच्या गंभीर दुखापती मुख्यतः रस्त्यावरच्या अपघातांत आणि उंचावरून पडून होतात. झाडावरून पडणारा, बांधकामाच्या परांचीवरून कोसळणारा माणूस रोजंदारीवरचा असतो. जुळत आलेल्या मणक्यानिशी तो तीन महिन्यांत पोती उचलू लागतो. त्याच्यात जिद्द कमी नाही; अवकाश नाही.

पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांची गोष्ट आपण जिद्दीची म्हणूनच सांगतो. लष्करातला हा मुष्टियोद्धा 1965 च्या युद्धात गोळ्यांनी जखमी झाला. कमरेखालचं बळ गेलं. ते पुन्हा मुष्टियुद्धाकडे वळले नाहीत. उपचाराचा भाग म्हणून पोहू लागले आणि 1972 मध्ये हायडेलबर्गला 50 मीटर फ्रीस्टाइल 37.33 सेकंदांत पार करून भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक त्यांनी आणलं. त्यांची जिद्द अपार होती, यात शंका नाही. पण तिला लष्करी रुग्णालय मिळालं, पाणी मिळालं, वर्षं मिळाली. त्यांची थोरवी यानं कमी होत नाही. उलट प्रश्न पडतो, असे किती पेटकर आपण तिसऱ्या महिन्यात पोत्याखाली घातले?

जिद्द व्यर्थ आहे, असं मी म्हणत नाही. भीतीनं अंग आखडतं, तेव्हा पहिलं पाऊल तीच टाकायला लावते. पण केवळ तिचे गोडवे गाताना समाज आपली जबाबदारी जखमी माणसाच्या पाठीवर टाकून मोकळा होतो. शस्त्रक्रियेइतकंच तिच्यानंतरचं वर्ष उपचाराचं मानलं पाहिजे. व्यायामोपचार तालुक्याच्या गावी मिळाले पाहिजेत आणि त्या काळात चूल पेटती राहील एवढी मदत हवी. जे चालणार नाहीत, त्यांच्यासाठी गाव चालतं व्हायला हवं. हुबळी-धारवाडमध्ये 2018 पासून ‘चिगरी’ बस धावतात. चिगरी म्हणजे हरीण. त्यांचा फलाट बसच्या तळाशी समपातळीत असतो. पण घरापासून त्या फलाटापर्यंतची वाट चाकाच्या खुर्चीला पार करता येत नसेल, तर ते हरीण कोणासाठी धावतं?

आता मी तीन किलोमीटर धावतो, घड्याळ न लावता. चढ आला की चालतो. कोणी जिद्दीचं कौतुक केलं, तर थांबून मला काय काय मिळालं त्याची यादी सांगतो. ती यादी प्रत्येकाची व्हावी, एवढंच माझं मागणं आहे.