शेतीचे खाते आणि शेतीचे निर्णय

१८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो वऱ्हाडात खामगावला आला, तो एका रेल्वे फाट्याच्या उद्घाटनासाठी. जलंबपासून खामगावच्या कापूसबाजारापर्यंतचा हा फाटा जेमतेम आठ मैलांचा. त्यासाठी व्हाइसरॉयने जातीने यावे, याचे कारण मँचेस्टरमध्ये होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाचा पुरवठा आटला आणि मँचेस्टरच्या गिरणीमालकांनी धसका घेतला. हिंदुस्थानातून चांगला, स्वच्छ कापूस मिळावा आणि त्यासाठी सरकारने शेतीत लक्ष घालावे, असा त्यांचा तगादा सुरू झाला. मेयोच्या भेटीनंतर पुढच्याच वर्षी ‘महसूल, शेती आणि व्यापार’ असे खाते निघाले. केंद्रातल्या आजच्या कृषी खात्याचे मूळ तिथे आहे.

पहिला सचिव होता ए. ओ. ह्यूम, जो १८८५ मध्ये काँग्रेसच्या स्थापनेत पुढे होता तोच. त्याला शेती सुधारायची होती, पण सरकारला पैसा खर्चायचा नव्हता. १८७६ ते ७८च्या भीषण दुष्काळात दख्खनमध्ये माणसे आणि गुरे पटापट मरत होती. त्यानंतर लगेच, १८७९ मध्ये, सरकारने हे खातेच मोडीत काढले. दुष्काळ आयोगाने आग्रह धरला तेव्हा १८८१ मध्ये ते पुन्हा उभे राहिले. १९०५ मध्ये बिहारात पुसा येथे संशोधन संस्था आली, ती एका अमेरिकी दात्याच्या देणगीतून. १९३४च्या भूकंपात तिची इमारत कोसळली आणि १९३६ मध्ये संस्था दिल्लीला हलली.

या खात्याने आपले सर्वांत मोठे काम स्वातंत्र्यानंतर केले, आणि ते मोकळ्या मनाने मान्य केले पाहिजे. १९५२ ते ६२ हे दशक कृषिमंत्री म्हणून गाजवणारे डॉ. पंजाबराव देशमुख मूळचे अमरावती जिल्ह्यातले, शेतकऱ्याच्या घरातले. जपानी भातशेतीच्या प्रसारासाठी त्यांनी जिवाचे रान केले, १९५५ मध्ये भारत कृषक समाज उभारला. तरीही साठच्या दशकात देश अमेरिकेहून येणाऱ्या गव्हाच्या बोटींकडे डोळे लावून बसला होता. सी. सुब्रमण्यम मंत्री झाले आणि त्यांनी मेक्सिकन गव्हाच्या बुटक्या वाणांवर सगळी भिस्त ठेवली. विरोध संसदेत होता, नियोजन मंडळात होता, डाव्या आणि उजव्या दोन्ही बाजूंचा होता. सुब्रमण्यम यांनी दिल्लीतल्या सरकारी बंगल्यासमोरची हिरवळ नांगरून तिथे तो गहू पेरला. १९६६ मध्ये १८ हजार टन बियाणे मेक्सिकोहून आले. १९६४-६५ मध्ये सव्वा कोटी टनांच्या आत असलेले गव्हाचे उत्पादन १९६७-६८ मध्ये १.६५ कोटी टनांवर गेले. डॉ. स्वामिनाथन यांच्यासारखे शास्त्रज्ञ, खंबीर मंत्री आणि १९६५ मध्ये नेमलेला कृषी मूल्य आयोग यांची सांगड एकाच वेळी बसली, म्हणून हे घडले. भाव मिळेल अशी खात्री नसती, तर नव्या वाणाच्या खतापाण्याचा खर्च शेतकऱ्याने अंगावर घेतलाच नसता.

ही सांगड पुढे सुटत गेली. घटनेने शेती हा विषय राज्यांकडे दिला आहे, तो योग्यच आहे. अडचण दिल्लीत आहे. आज खत रसायन मंत्रालयाकडे, पाणी जलशक्ती मंत्रालयाकडे, धान्यखरेदी अन्न मंत्रालयाकडे आणि निर्यात वाणिज्य मंत्रालयाकडे आहे. बियाणे, विमा, संशोधन आणि पीएम-किसानचे हप्ते मात्र कृषी मंत्रालय पाहते. म्हणजे पीक हातात येईपर्यंत हे खाते शेतकऱ्याच्या सोबत असते, आणि पैसे होण्याच्या वेळी खात्याचा शब्द चालत नाही.

लासलगावच्या बाजार समितीत हे उघड दिसते. ट्रॅक्टरची ट्रॉली रांगेत लागते, व्यापारी मूठभर कांदा हातात घेऊन पाहतो, बोली पुकारली जाते आणि काही क्षणांत वर्षाचा हिशेब मिटतो. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. डिसेंबरमध्ये निर्यातच बंद झाली, ती मे २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, अटींसह उठली. या साऱ्या आदेशांवर शिक्के होते ते अर्थ आणि वाणिज्य मंत्रालयांचे. शहरातल्या ग्राहकाला स्वस्त कांदा मिळावा ही अपेक्षा गैर नाही. पण त्या स्वस्ताईची सगळी किंमत एकट्या नाशिक-नगरच्या कांदा उत्पादकाने का मोजायची?

देशाचे अन्नधान्य उत्पादन १९५०-५१ मध्ये सुमारे ५ कोटी टन होते, ते २०२२-२३ मध्ये जवळजवळ ३३ कोटी टन झाले. आता दुसरा आकडा पाहावा. २०१८-१९च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात मजुरीचे ४,०६३ आणि पिकाचे ३,७९८. शेतकऱ्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा जास्त येतो, हे सरकारच्याच पाहणीने नोंदवले आहे.

२०१५ मध्ये मंत्रालयाच्या नावात ‘शेतकरी कल्याण’ जोडले गेले. ते खरे करायचे, तर निर्यातबंदी, आयातशुल्क आणि साठामर्यादेचा कोणताही आदेश कृषी मंत्रालयाच्या लेखी संमतीशिवाय निघू नये. आदेशाने शेतकऱ्याचे किती नुकसान होईल आणि ते कोण भरून देणार, हेही त्याच कागदावर लिहिलेले असावे. महाराष्ट्रातून दिल्लीला निवडून जाणाऱ्या ४८ खासदारांनी पक्ष बाजूला ठेवून एवढी एक मागणी लावून धरावी.