दिले, तरी उणे नाही

पोटावर हात ठेवून बसा. श्वास मोजू नका, त्याचा त्याला चालू द्या. हाताखाली, मोठ्या आतड्यात, अब्जावधी जिवाणू नांदताहेत. त्यांतला एकच मनात धरा, एक ई. कोलाय. लांबी मिलिमीटरचा जेमतेम पाचशेवा भाग.

त्याच्या अंगावर केसाहून कितीतरी बारीक तंतू आहे, पिलस. तो लांबतो, चाचपतो, शेजारच्या जिवाणूला चिकटतो आणि आखडू लागतो. दोघे जवळ येतात. इथून पुढचे अगदी सावकाश पाहा.

मुख्य गुणसूत्राखेरीज आत डीएनएचे एक छोटे, वेगळे कडे आहे. हे प्लाझ्मिड. एक विकर ठरलेल्या जागी त्याच्या दोन पदरांपैकी एकच तोडते. तुटलेले टोक पुढे, बाकीचा पदर उलगडत त्यामागे, असा तो पलीकडे सरकतो. दुसरा पदर जागेवरच. मग दोन्हीकडे एकट्या पदराला जोडीचा पदर विणला जातो. काही मिनिटांत दोघांकडे पुरे कडे.

मन लगेच याला दान म्हणेल. म्हणू द्या. पण पिलस उभारायची आणि पदर तोडायची जनुके प्लाझ्मिडवरच असतात. ज्याच्याकडे तेच प्लाझ्मिड आधीपासून आहे, अशा शेजाऱ्याला सहसा दारातूनच परत पाठवले जाते. मग देतो आहे कोण? उत्तराची घाई नको, मला तरी ते सापडलेले नाही.

आता जपानात, १९५०च्या दशकात चला. आमांशाच्या रुग्णांत असे शिगेला जिवाणू सापडू लागले की सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन, क्लोरॅम्फेनिकॉल, कशालाच जुमानेनात. चार औषधांविरुद्धचे चार बदल एकाच जिवाणूत योगायोगाने एकदम घडावेत, हे पटण्यासारखे नव्हते. १९५९मध्ये ओचियाई आणि अकिबा या संशोधकांच्या प्रयोगांतून उलगडा झाला. प्रतिरोधक जिवाणूंबरोबर साधे जिवाणू वाढवले, की साधेही प्रतिरोधक होत. ई. कोलायकडून शिगेलाकडेसुद्धा. प्रतिरोधाचा वारसा आडवा चालला होता, अशाच कड्यांवरून, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे, प्रजातीची वेस ओलांडून.

पुन्हा हाताखालच्या त्या दोघांकडे या. औषध नसेल तेव्हा हे कडे वागवणे बहुधा ओझेच. पोटात प्रतिजैविकाची गोळी उतरली, की ज्यांच्याकडे ते नाही ते मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेत उरलेले वाढतात. ज्याला आत्ता मिळाले, त्याच्याही अंगावर थोड्या वेळात पिलस उगवेल.