शिखर कोणाचं?

एका अणूइतक्या जाडीचा ग्राफीनचा थर पांढऱ्या प्रकाशातला सुमारे २.३ टक्के भाग शोषतो. २००८ साली मँचेस्टरच्या गटाने हे मोजून दाखवलं. या आकड्यात कार्बनची म्हणून काही खूणच नाही. पाय गुणिले सूक्ष्मसंरचना स्थिरांक (तो साधारण १/१३७), एवढाच हिशेब. माझ्यासारख्या कागद-पेन्सिलवाल्याला याचा मोह पडतोच.

त्या थराचा काही नॅनोमीटरचा तुकडा कापला की मात्र हा साधेपणा संपतो. तुकडा त्रिकोणी की षटकोनी, कडा झिगझॅग की आर्मचेअर, यावर सगळं ठरू लागतं. शेजारी कॅडमियम सेलेनाइडचा क्वांटम डॉट ठेवा. तो तर लहान-मोठा झाला की रंगच बदलतो.

अशा जोडीचा शोषणाचा आलेख काढायचा, तर मी आधी दोघांचे वेगवेगळे आलेख काढून त्यांची बेरीज करतो आणि पूर्ण जोडीच्या गणितातून ती वजा करतो. उरलेलंच वाचायचं. बहुतेक वेळा एखादं शिखर थोडं सरकलेलं असतं, एखादं रुंदावलेलं. पण मधूनच एक बुटकं शिखर उगवतं, आणि ते दोघांपैकी कुणाचंच नसतं. इलेक्ट्रॉन एकाकडे, त्याने सोडलेली रिकामी जागा दुसऱ्याकडे. दोन्ही तरंगफलनं एकमेकांना जेमतेम शिवतात, म्हणून शोषण क्षीण.

गंमत म्हणजे, घनता-फलनकावर आधारलेल्या आपल्या लाडक्या पद्धती नेमक्या इथेच ढेपाळतात. साधं फलनक वापरलं, तर अशा भार-स्थलांतरित अवस्थांची ऊर्जा ते फार कमी सांगतं. अशा वेळी मला जुनं टाइट-बाइंडिंगचं गणित जवळचं वाटतं. अचूकतेचा आव न आणता ते निदान कोण कोणाशी बोलतंय ते दाखवतं.

या बुटक्या शिखरामागच्या भारांच्या फारकतीला कमी लेखू नये. २०१२ साली बार्सिलोनाजवळ ग्राफीनच्या अखंड थरावर लेड सल्फाइडचे डॉट पसरून प्रकाश-संवेदक बनवला गेला. प्रकाश शोषतात मुख्यतः डॉट. धनभार, म्हणजे ती रिकामी जागा, ग्राफीनमध्ये उतरतो, इलेक्ट्रॉन मागे अडकून राहतो, आणि तो अडकलेला असेपर्यंत ग्राफीनमधला प्रवाह वाढलेलाच राहतो. एका फोटॉनमागे दहा कोटींच्या घरात इलेक्ट्रॉन वाहतात. शोषणाच्या आलेखावर या प्रवाहातलं काहीच दिसत नाही.