धनुष्याला चाकं

माणसाचं आपल्या सुखापेक्षा आपल्या हालांवर अधिक प्रेम असतं, असं माझं जुनं मत आहे. सुख कुणी हिरावून घेतलं तर तो नुसता हळहळतो. पण हाल हिरावून घेतले तर चवताळून उठतो. ज्यानं लहानपणी चार मैल चालून शाळा गाठली, त्याला दाराशी येणारी नातवाची बस पाहवत नाही. पाट्यावरच्या चटणीचा महिमा गाणारे गृहस्थ तर मला पुष्कळ भेटले आहेत. त्यातल्या एकानंही जन्मात वरवंटा हाती धरला नव्हता, ही गोष्ट वेगळी. ‘आमच्या वेळी हे असलं काही नव्हतं’ हे वाक्य ऐकायला तक्रारीसारखं वाटतं. पण नीट कान दिला तर ती बढाई असते.

हा नियम धनुष्यबाणालाही लागू पडतो, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. धनुष्यबाण ही वस्तूच मुळी ‘आमच्या वेळची’. ती हातात धरणाऱ्या दोघांत जुनं-नवं असा तंटा कसला? पण तंटा आहे, आणि अमेरिकेत तो गेली पन्नासएक वर्षं चांगला पेटलेला आहे. मला तो कळला माझ्या भाच्यामुळे. हा भाचा मिशिगनमध्ये कॉम्प्युटरची नोकरी करतो. म्हणजे सोमवार ते शुक्रवार लोकांची कामं सोपी कशी होतील हे पाहतो, आणि शनिवारी स्वतःचं काम अवघड करून घ्यायला लाकडी धनुष्य घेऊन मैदानावर जातो. मी त्याच्याकडे महिनाभर राहायला गेलो असताना त्यानं मलाही तिकडे नेलं.

मैदानावर दोन जातींचे लोक होते. एका बाजूला माझा भाचा आणि त्याच्यासारखे चार-पाच जण. हातात साधं लाकडी धनुष्य, पाठीला चामड्याचा भाता. दुसऱ्या बाजूला तीसएक माणसं, आणि त्यांच्या हातात जे काही होतं ते पाहून मला आधी सायकलच्या दुकानाची आठवण झाली. दोन्ही टोकांना चाकं, त्यांवरून गेलेल्या दोऱ्या, पुढे काढलेला लांब दांडा, नेम धरायला भिंग, दोरीत ओवलेलं बारीक छिद्र आणि दोरी सोडायला बोटांऐवजी एक खटका.

“हे कसलं धनुष्य रे?” मी विचारलं.

“ते धनुष्य नाही मामा,” भाचा शांतपणे म्हणाला, “ते यंत्र आहे. त्यातून बाण निघतात, एवढंच.”

या यंत्राला ‘कंपाउंड’ म्हणतात. मिसुरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या गृहस्थानं आपल्या चांगल्या धनुष्याची टोकं करवतीनं कापली आणि तिथे कप्प्या बसवल्या. १९६६ साली त्यानं पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ साली ते त्याला मिळालं. कल्पना मोठी चतुर होती. साधं धनुष्य जितकं ओढावं तितकं जड होत जातं. म्हणजे नेम धरण्याच्या ऐन क्षणी त्याचा सगळा भार हातावर असतो, आणि हात ‘सोड, सोड’ म्हणून ओरडत असतो. ॲलनच्या धनुष्यात कप्प्या फिरल्या की शेवटी भार एकदम उतरतो. आजच्या साठ पौंडांच्या कंपाउंडमध्ये पूर्ण ओढल्यावर हातावर बाराएक पौंडच उरतात. मग माणसानं तिथे सावकाश नेम धरावा, घराच्या हप्त्याचा विचार करावा आणि मग खटका दाबावा. बाण जातोच.

लाकडी धनुष्यवाल्यांचं दुःख इथून सुरू होतं. ते चाकांना ‘शिकाऊ सायकलची चाकं’ म्हणतात. दुकानात गेलं तर भिंतभर कप्प्या, भिंगं आणि खटके, साधी दोरी मागितली तर पोऱ्या विचारतो, “शोभेला टांगायचंय का?” शेजारी उभा असलेला चाकवाला आपुलकीनं चौकशी करतो, “तुमची वीस यार्डांची पिन कुठली?” आता ज्याच्या धनुष्याला पिनच नाही, त्यानं काय सांगावं? हे म्हणजे पाटीपेन्सिलवाल्याला “तुमचा पासवर्ड काय?” असं विचारण्यासारखं आहे.

यातला एक सल मात्र खरा आहे. अमेरिकेत हरणांच्या शिकारीचा हंगाम सरकार ठरवतं. १९३४ साली विस्कॉन्सिन राज्यानं केवळ धनुष्यवाल्यांसाठी वेगळा हंगाम दिला. पुढे इतर राज्यांनीही दिला. त्यामागचा हिशेब सरळ होता. धनुष्यानं शिकार करायची तर जनावराच्या वीसएक यार्डांपर्यंत दबा धरून जावं लागतं, आणि तिथूनही बहुतेक वेळा हरीणच जिंकतं. तेव्हा यांना सवड जास्त द्या. ही सवड मिळाली ती अवघडपणापोटी. मग चाकवाले आले. त्यांनी अवघडपणा दारातच ठेवला आणि सवड घेऊन आत गेले. भाच्याचं म्हणणं, “उपास करणाऱ्यांसाठी वेगळी पंगत मांडली, आणि साबुदाण्याची खिचडी खायला गावच लोटलं!”

पण गंमत पुढेच आहे. गेल्या काही दशकांत एकेका राज्यानं त्याच हंगामात क्रॉसबोला परवानगी दिली. क्रॉसबो म्हणजे बंदुकीसारखा दस्ता असलेलं आडवं धनुष्य. ते ओढून धरायचीसुद्धा गरज नाही. त्याबरोबर कोण उसळून उठलं असेल? चाकवाले! ‘ही धनुर्विद्याच नव्हे,’ असं तेही म्हणू लागले. आपल्या पायरीच्या वरपर्यंत साधना आणि खालपासून फसवणूक, हा जगभरचा हिशेब आहे. वरच्या पायऱ्याही कमी नाहीत. लाकडावर फायबरग्लासचा थर चढवलेलं धनुष्य वापरणाऱ्याला अखंड लाकडातून धनुष्य तासणारा नाक मुरडतो. त्याला, दोरीसुद्धा जनावराच्या स्नायूची वळणारा नाक मुरडतो. या जिन्याच्या अगदी वरच्या पायरीवर बहुधा एखादा माणूस दगड हातात घेऊन बसलेला असेल, आणि तो सगळ्यांनाच हसत असेल.

त्या पायरीवर अमेरिकेतले लाकडीवाले इशीला बसवतात. इशी हा याही जमातीतला शेवटचा माणूस. त्याच्या लोकांची कत्तल झाली, उरलेसुरले रानात लपून राहिले, आणि १९११ साली हा एकटा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळ बाहेर आला. सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात त्याला ठेवून घेतलं. तिथे सॅक्सटन पोप नावाच्या डॉक्टरनं त्याच्याकडून धनुर्विद्या शिकून घेतली. १९१६ साली इशी क्षयानं गेला आणि पोपनं १९२३ साली पुस्तक लिहिलं. अमेरिकेतला आजचा लाकडी संप्रदाय बराचसा त्या पुस्तकातून निघाला आहे.

पण हा मूळपुरुष कसा होता पाहा. इशी बाणाची टोकं दगडाची करी, तशीच बाटलीच्या काचेचीही करी! काच मिळाली, बरी फुटते, धार चांगली येते, घ्या. त्याला परंपरा सांभाळायची नव्हती, हरीण मारायचं होतं. शिवाय तो दोरी ओढायचा अंगठ्यानं, आणि पोपसाहेब बाण मारायचे इंग्रजांसारखे तीन बोटांनी. म्हणजे संप्रदायाची सुरुवातच मुळी शिष्यानं गुरूचा अंगठा सोडून देण्यापासून झाली. शुद्धतेचं मूळ शोधत फार मागे जाऊ नये, ते यासाठी.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. तो हसला नाही. म्हणाला, “मामा, मला परंपरेचं काही नाही. ऑफिसात दिवसभर काही चुकलं की ते सिस्टिममध्ये चुकलेलं असतं. कुणीच चुकत नाही. इथे बाण चुकला की मी चुकलेला असतो. ना भिंग, ना स्क्रू. आठवड्यातून दोन तास तरी मी असतो.”

मला वाटतं, सगळ्या तंट्यात खरं बोलणं हेच. त्याला हरीण नको आहे, गुण नको आहेत; त्याला आपली चूक आपल्या मालकीची हवी आहे. जी गोष्ट आपल्याला चुकवता येत नाही, ती आपण केली असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? यंत्र आपले कष्ट घेतं तेव्हा आपण त्याचे आभार मानतो. पण कष्टांबरोबर ते हळूच कर्तेपणही उचलून नेतं, हे आपल्या उशिरा लक्षात येतं.

तर मग चाकवाल्यांचं कर्तेपण गेलं का? तसंही नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक स्पर्धा झाली. तिथे साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी कंपाउंडमध्ये जगज्जेती झाली. त्याच दिवशी, साताऱ्यातच सराव केलेला नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत जगज्जेता झाला. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ आठ सेंटिमीटरचं, म्हणजे आमटीच्या वाटीच्या तोंडाएवढं. अंतिम सामन्यात ओजसनं पंधरा बाण मारले आणि पंधराही त्या वाटीत. १५० पैकी १५०. समोरच्या पोलंडच्या खेळाडूचे १४९. यंत्रानंच हे केलं म्हणावं, तर समोरच्याच्या हातातही यंत्रच होतं. चाकांनी अवघडपणा संपवला नाही. तो दंडातून उचलून मनात नेऊन ठेवला. एक श्वास इकडचा तिकडे झाला की पदकाचा रंग बदलतो. ही चूकही मालकीचीच, आणि महागडी.

आणि मग शीतल देवी. जम्मू-काश्मीरच्या किश्तवाडची ही मुलगी जन्मली तीच दोन्ही हातांशिवाय. ती उजव्या पायानं कंपाउंड धरते, खांद्याला लावलेल्या साधनानं दोरी ओढते आणि जबड्यानं खटका सोडते. २०२४ साली पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये तिनं राकेश कुमारबरोबर कांस्यपदक मिळवलं, आणि २०२५ साली ती पॅरा जगज्जेती झाली. ज्या खटक्याला माझा भाचा नाकं मुरडतो, तो तिच्या बाबतीत सोय नाही, तोच तिचा हात आहे. ‘खरी धनुर्विद्या बोटांनीच’ असा नियम उद्या कुणी केला, तर तो शुद्धतेचा नियम दिसेल; पण त्याचा अर्थ एवढाच होईल, की शीतल, तू घरी जा.

असा नियम आपल्याला नवा नाही. आपल्याकडे धनुर्विद्येच्या शुद्धतेवरून झालेला सगळ्यांत जुना तंटा एकलव्याचा. रानात राहणारा, मातीचा गुरू करून शिकलेला, ना आचार्यांची शाळा ना राजवाड्याचं मैदान. लाकडी धनुष्यवाला प्रत्येक जण मनातून स्वतःला एकलव्य समजतो, आणि रविवारी दोन तास तो खरोखर असतोही. पण ‘चाकांवर बंदी घाला, खटके काढून घ्या’ असं म्हणायला लागला, की त्याच्या नकळत त्याला पांढरी दाढी फुटते आणि तो द्रोणाचार्य होतो. अवघड वाट स्वतःसाठी धरली तर ती साधना. तीच दुसऱ्यावर लादली, की तो अंगठा मागणं होतं.

अर्थात चाकवाल्यांनीही फार फुशारू नये. दारं त्यांनाही बंद करता येतात, फक्त त्यांचं कुलूप पैशांचं असतं. स्पर्धेच्या तोडीचं कंपाउंड सगळ्या सरंजामासह घ्यायचं तर लाखांच्या गोष्टी होतात. एकलव्यानं ते कुठून आणावं? आपल्याकडे ‘इंडियन राउंड’ नावाचा प्रकार आहे. बांबूचं धनुष्य, नेमाला कसलंही साधन नाही. झारखंडच्या रिक्षावाल्याची मुलगी दीपिका कुमारी बांबूच्या धनुष्यावर हात बसवत निघाली आणि २०१२ साली जगात पहिल्या क्रमांकाला पोचली. हा बांबू उद्या ‘जुनाट’ म्हणून मोडीत काढला, तर तोही अंगठाच मागितला म्हणायचा.

१९७२ साली म्युनिचला धनुर्विद्या ऑलिंपिकमध्ये परतली, तेव्हापासून चाकवाल्यांना तिथे दाराबाहेर उभं केलं होतं. २०२८ साली लॉस एंजेलिसला, निदान मिश्र संघापुरता, त्यांना आत प्रवेश मिळणार आहे. हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “ठीक आहे मामा. येऊ देत. पण मला मात्र ते घे म्हणू नका.”

त्याला कुणी तसं म्हणू नये, आणि त्यानंही कुणाला सोड म्हणू नये, एवढंच माझं मागणं आहे. बाकी चटणी पाट्यावरची खावी की मिक्सरमधली, हे वाटणाऱ्यानं ठरवावं. खाणाऱ्यानं गप्प बसावं.