वणव्यात गेलेले घर

फाल्गुन-चैत्रात मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून मेळघाटात झाडाखालचा पाचोळा पेटविण्याची चाल आहे. वारा फिरला की तोच अग्नी वणवा होतो. अशा वणव्यात ज्या पतिपत्नींचे घर गेले, त्यांच्यापुढे उपदेशी जनाने आधी निरूपण नेऊ नये. बांबू, कवेलू, पेरणीपुरते बियाणे न्यावे. रिद्धपुरास म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या लीळाचरित्राची मूळ प्रत खिलजीच्या स्वारीच्या धामधुमीत हरपली, तेव्हा हिराइसादिकांनी स्मरणातून पाठ पुन्हा उभा केला. त्यांनी नवा ग्रंथ रचिला नाही. जे होते तेच आठवून मांडिले. घर उभारतानाही तोच विवेक हवा. देणाऱ्यास बहुधा आपल्या आवडीचे घर बांधावेसे वाटते! चूल कोठे होती, उंबरठा कोणत्या दिशेस होता, हे त्या दोघांस विचारूनच मेढ रोवावी, आणि मृगाच्या आत छप्पर चढवावे.